बडोद्यात घर घेताना पुराचा धोका कसा ओळखायचा? आणि पुराचा विमा मिळतो का?

दांडियाबाजारची_मुक्ता | १२ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

आई-बाबांसाठी घर शोधते आहे. वाड्याचा जिना आता बाबांच्या गुडघ्यांना झेपत नाही, त्यामुळे तळमजला किंवा लिफ्टची इमारत हवी. दोन जागा पसंत पडल्यात. एक समा-सावली रोडच्या आतल्या बाजूला, तळमजला, पुढे छोटी बाग. आई त्या बागेवर भाळली आहे. दुसरी मांजलपूरला, दुसरा मजला, लिफ्ट आहे, पण खोल्या लहान आणि भाव जास्त.

समाच्या घराचा दलाल म्हणतो, "हवे पाणी नहीं आवे बेन, नदी पहोळी करी नाखी छे." (आता पाणी येणार नाही ताई, नदी रुंद करून टाकली आहे.) २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी इथेच होते. गोकुळाष्टमीच्या दिवशी पाऊस सुरू झाला आणि पुढे विश्वामित्री नदीच्या पुरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण समा भागातली माझी मैत्रीण दोन लहान मुलांसह वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे अडकली होती. त्यामुळे दलालाच्या शब्दावर माझा भरवसा नाही.

प्रश्न असे: अमुक जागा पूरक्षेत्रात आहे की नाही हे सांगणारा काही नकाशा असतो का? नसेल तर तुम्ही कसं ठरवता? आणि घराला पुराचा विमा मिळतो का, मिळाला तर नेमकं काय भरून देतात?

तिखट_शेव | ९:२२

समा? तळमजला? नको गं बाई.

रावपुरेकर | ९:३५

मुक्ता, दलालाला एवढंच विचार, "तुमचं स्वतःचं घर कुठे आहे?"

नदी रुंद केली हे खरं. २०२५ च्या उन्हाळ्यात पावसाळ्याआधी गाळ काढून पात्र मोकळं करण्याचं काम जोरात चाललं होतं. पण बडोद्याला पूर नवा नाही. १९२७ च्या जुलैत अख्ख्या गुजरातेत जो महापूर आला, त्यात बडोदंही बुडालं होतं. तेव्हा समाला शेतं होती, म्हणून पाणी शेतात पसरलं. आता तिथे सोसायट्या आहेत.

फतेगंजचा_बंड्या | ९:४१

सगळं खापर आजवा तलावाच्या माथी. दरवाजे वेळेवर उघडले असते तर एवढं झालंच नसतं. घर कुठेही घ्या, वरून पाणी सोडलं की बुडणारच.

काठावरचा_इंजिनिअर | १०:२०

बंड्याभाऊ, मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे, पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेलं. आजव्याचा वाटा आहेच, पण सगळं तिथे ढकललं तर मुक्ताताईंना घर निवडायला काहीच मदत होणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते. आजवा तलाव सयाजीराव महाराजांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला शहराच्या पाण्यासाठी बांधला. त्याला बासष्ट दरवाजे आहेत, पण मुळात तो पूर अडवायला बांधलेला नाही. आजव्याच्या खाली नदीला सूर्या नदी मिळते, प्रतापपुरा तलावाचं पाणी येतं आणि शहरातल्या कांसांचं, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचं, पाणी येतं. म्हणजे आजव्याचा एकही दरवाजा उघडला नाही तरी हालोल-वाघोडियाच्या बाजूला जोराचा पाऊस झाला की नदी फुगते, आणि ते पाणी शहरात पोहोचायला काही तास लागतात. इथे पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं, आणि नदी मात्र चढते आहे, हे २०२४ ला अनेकांनी पाहिलं.

दुसरी बाजू खालची. शहर सोडल्यावर विश्वामित्री ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. ढाढर स्वतः तुडुंब असली की आपल्या नदीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत येतं. त्यात भरती असेल तर आणखी वेळ. वडसर-कलालीकडे पाणी उशिरा उतरतं त्याचं मोठं कारण हेच.

आता कामाचा मुद्दा. काळाघोड्याच्या पुलावर जी पातळी मोजतात तिची धोक्याची खूण २६ फूट. २०१९ ला ती ३४ च्या वर गेली, २०२४ ला ३५ च्याही वर. बातमीत आजव्याचा २११-२१२ फुटांचा आकडा सांगतात त्याचा आणि या २६ चा शून्य वेगळा, त्यांची वजाबाकी करू नका. घर घेणाऱ्याने एकच गोष्ट शोधायची: काळाघोड्याला अमुक फूट असताना या दारात किती पाणी होतं? २०१९ आणि २०२४, दोन्हींचे आकडे मिळाले तर तुमच्या घराचा पूरनकाशा तुमच्या हातात आला.

तिखट_शेव | १०:२६

वाचनखूण साठवली. काका, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून दलालांना वाटायला हवी.

समाची_स्नेहल | १०:४८

मी समा-सावली रोडलाच राहते, पहिल्या मजल्यावर. काकांनी सांगितलं तसं आमच्या सोसायटीने केलं आहे. पार्किंगच्या खांबावर दोन्ही वर्षांच्या पाण्याच्या रेषा रंगवल्यात, शेजारी काळाघोड्याचा आकडा. आता व्हॉट्सॅपवर "२४ फूट" असं आलं की कोणीही घाबरून धावत नाही आणि कोणी गाफीलही राहत नाही. २६ ला गाड्या पुलावर नेऊन लावायच्या, २८ ला पंपाचं पॅनेल बंद, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद. तळमजल्याच्या दोन्ही घरांतलं सामान कोणी कुठल्या मजल्यावर न्यायचं तेही ठरलेलं आहे.

मुक्ता, आमचं सगळं समा बुडत नाही हेही सांगते. त्याच रस्त्यावर दोन सोसायट्यांमध्ये कमरेएवढ्या पाण्याचा फरक पडतो. भुखी कांसाजवळच्या सोसायट्यांत नदीच्या आधी कांसाचं पाणी उलटं येतं. तिथल्या लोकांना विचार, नावानिशी सांगतील.

काठावरचा_इंजिनिअर | ११:०५

स्नेहलताई, रेषांची कल्पना फार चांगली. एक सूचना: आकडा आणि रेष यांचं गणित सरळ लागू करू नका. काळाघोड्याला एक फूट वाढलं म्हणजे तुमच्याकडे बरोबर एक फूट वाढेल असं नाही. पुराच्या पाण्याला उतार असतो, आणि कांस, रेल्वेचा भराव, नवं बांधकाम यांनी तो दर वर्षी थोडा बदलतो. २०२५ मध्ये पात्र मोकळं झाल्यामुळे त्याच पाण्याला पातळी थोडी कमी राहील अशी आशा आहे. पण जुन्या रेषेच्या खालचं घर "आता सुरक्षित" म्हणून विकणं मला मान्य नाही.

अनघा_जर्सी | १३ मे, सकाळी ६:१५

मी मूळची बडोद्याच्या वाडी भागातली, आता अमेरिकेत न्यू जर्सीत. नकाशाबद्दल इथली पद्धत सांगते, म्हणजे आपल्याकडे काय नाही ते कळेल.

इथे फेमा नावाची केंद्र सरकारची संस्था प्रत्येक भागाचा पूरनकाशा काढते. पत्ता टाकला की झोन दिसतो. ए आणि व्ही म्हणजे जास्त धोका, एक्स म्हणजे कमी. जास्त धोक्याचा अर्थ, दर वर्षी पुराची शक्यता किमान १ टक्का. ऐकायला कमी वाटतं, पण तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तीच शक्यता साधारण २६ टक्के होते. त्या झोनमध्ये घर घेतलं तर बँक पुराच्या विम्याशिवाय कर्ज देत नाही. इथल्या साध्या गृहविम्यात पूर येतच नाही, त्यासाठी १९६८ पासून वेगळी सरकारी योजना आहे. इमारतीला अडीच लाख डॉलरपर्यंत, सामानाला एक लाखापर्यंत. आणि विमा घेतल्यावर सहसा तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाची बातमी ऐकून धावत जाऊन उपयोग नाही.

तरीही नकाशावर डोळे मिटून विसंबू नका. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाचा पाऊस इथे आला तेव्हा कमी धोक्याच्या झोनमधल्या तळघरांतही पाणी शिरलं. नकाशा नदीचं पाणी दाखवतो, गटारातून वर येणारं दाखवत नाही.

रावपुरेकर | ९:००

आपल्याकडे असा कायदा व्हावा म्हणून केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्ये पूरक्षेत्र विभागणीचं नमुना विधेयक राज्यांना पाठवलं होतं. कल्पना साधी होती: नदीच्या अगदी काठची पट्टी मोकळी, त्यापुढची बाग-मैदानांसाठी, रुग्णालयं आणि वीज केंद्रं सगळ्यात उंच जागी. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्या राज्यांनी कायदा केला. गुजरात त्यात नाही.

विश्वामित्रीचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये लवादाने नदीची आणि तिच्या पूरमैदानाची आखणी करून रक्षण करायला सांगितलं. ती आखणी प्रत्येक घर विकत घेणाऱ्याला पत्त्यानिशी बघता यायला हवी. दस्त नोंदवताना "या जागी २०१९ आणि २०२४ ला एवढं पाणी होतं" हे विकणाऱ्याने लिहून द्यायची सक्ती झाली, तर निम्मे प्रश्न सुटतील.

फतेगंजचा_बंड्या | ९:१२

निम्मे बिल्डरही सुटतील, गाव सोडून.

मगरमित्र | ९:४०

नकाशाच्या चर्चेत आमच्या मगरींना विसरू नका. विश्वामित्रीत चारशेच्या वर मगरी आहेत, त्या माणसांआधीपासून इथे राहतात. पूर आला की त्या वेगवान प्रवाहातून बाजूला, शांत पाण्यात येतात आणि ते शांत पाणी म्हणजे आपल्या सोसायट्यांचे रस्ते. आकोट्याला छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो देशभर फिरला. मी स्वयंसेवक म्हणून २०२४ ला कामावर होतो. पाणी उतरल्यानंतर चिखलातून चालताना हातात काठी ठेवा, गाडीखाली वाकून बघा, आणि मगर दिसली तर वनखात्याला कळवा. दोरी घेऊन स्वतः पुढे होऊ नका.

घर घेताना हाही एक दाखला समजा. ज्या गल्लीत मगर आली होती, तिथे नदी आली होती.

तिखट_शेव | ९:४४

माझा भाचा विचारतो, मगर चावली तर विमा मिळतो का?

तोटामापक | ११:३०

भाच्याला सांगा, घराच्या पॉलिसीत वैयक्तिक अपघाताचं जास्तीचं संरक्षण घेता येतं, पण ते पूर-आग अशा विमा उतरवलेल्या संकटात मृत्यू आला तरच. चावण्यासाठी आरोग्य विमा.

मी विमा सर्वेक्षक आहे. मुक्ताताईंच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो.

भारतात पुरासाठी वेगळी सरकारी योजना नाही, पण अमेरिकेसारखा गृहविम्यातून पूर वगळलेलाही नसतो. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, भूकंप, वादळ यांच्याबरोबर पूर आणि पाणी तुंबणं दोन्ही आहे. नदीचं पाणी असो की पावसाचं साचलेलं, त्यावरून वाद घालायचं कारण नाही.

रक्कम कशी ठरते ते नीट समजून घ्या, इथेच लोक फसतात. विमा बाजारभावाचा नसतो, जमिनीचा तर नसतोच. पुन्हा बांधायला जेवढा खर्च येईल तेवढ्याचा असतो. समजा चटईक्षेत्र ८० चौरस मीटर आणि बांधकाम खर्च चौरस मीटरला २५,००० रुपये धरला, तर इमारतीचा विमा २० लाखांचा. याच्या २० टक्के, म्हणजे ४ लाख, सामानासाठी आपोआप मिळतात. या आपोआप मिळणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा १० लाख. सामान जास्तीचं असेल तर यादी देऊन वाढवून घ्यायचं. आणि वाढवाच, कारण पुरात फ्लॅटच्या भिंती सहसा पडत नाहीत. जातं ते फ्रिज, वॉशिंग मशीन, प्लायची कपाटं, गाद्या, सोफा. फुगलेलं प्लाय कधीही पूर्ववत होत नाही. भाडेकरूलाही फक्त सामानाचा विमा घेता येतो.

रोख रक्कम येत नाही. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. घर राहण्यालायक उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याची तरतूद आहे. मलबा काढण्याचा खर्चही काही मर्यादेपर्यंत मिळतो. आणि लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट: पुरानंतर सात दिवसांच्या आत त्या घरात चोरी झाली तर तीही यात येते. सगळी सोसायटी खाली करून गेलेली असते तेव्हा याचा अर्थ कळतो.

मांजलपूरकर_वहिनी | दुपारी १:१०

आमचं गृहकर्ज आहे, बँकेने विमा उतरवलाच आहे. मग वेगळा कशाला?

तोटामापक | १:२५

वहिनी, कागद काढून बघा. बँकेमार्फतच्या बऱ्याच पॉलिसीत फक्त इमारत असते, सामान नसतं, आणि रक्कम कर्जाएवढीच असते. कर्ज फिटत आलं की ती कमी पडते. शिवाय कधी कधी त्याच नावाखाली फक्त कर्जदाराचा जीवनविमा असतो, घराचा नाहीच.

फतेगंजचा_बंड्या | १:५०

विम्याचं कौतुक पुरे. २०२४ ला आमच्या शेजारच्या काकांनी पाणी उतरल्यावर गाडीला सेल्फ मारला, इंजिन बसलं. कंपनीने इंजिनचा खर्च नाकारला. हप्ते मात्र वर्षानुवर्षं बिनबोभाट घेतले.

तोटामापक | २:१५

काकांबद्दल वाईट वाटतं, कारण हे टाळता आलं असतं. फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा, असेल तर पुराचं काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण पाणी गेलेलं इंजिन सुरू केल्यामुळे झालेलं नुकसान हा नंतरचा परिणाम मानतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं जास्तीचं कवच घ्यावं लागतं. प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, तो टाळायला शून्य घसाऱ्याचं कवच. बडोद्यात गाडी असेल तर ही दोन्ही घ्या, असं मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगतो.

पाण्यात उभी राहिलेली गाडी किल्ली न लावता, बॅटरीची तार काढून, ढकलून किंवा उचलून गॅरेजला न्यायची. फोटो आधी.

आणि दावा नाकारला तर हात टेकू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. बडोद्यासाठी कार्यालय अहमदाबादला. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.

सुरसागर_साजन | संध्याकाळी ५:३०

जरा विषय सोडून. आमच्या ओळखीचे एक मूर्तिकार आहेत. २०२४ ला पूर आला तेव्हा गणपती दहा-बारा दिवसांवर होते, ७ सप्टेंबरची चतुर्थी. शाडूच्या तयार मूर्ती रंगासकट विरघळल्या. नोंदवलेल्या ऑर्डरींचे पैसे घेतलेले, ते परत कसे करायचे? त्या माणसाने रात्रंदिवस बसून जमेल तेवढ्या पुन्हा केल्या. अशा छोट्या कारागिरांना काही विमा असतो का?

तोटामापक | ६:००

विषय सोडून अजिबात नाही. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या छोट्या उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे, तीही २०२१ पासून. कच्चा माल, तयार माल, यंत्रं, सगळं येतं. फक्त मूर्तींची नोंदवही ठेवायला सांगा: किती मूर्ती, कुठली उंची, कुठला दर, कारखान्याचा पत्ता. मोसमाच्या शेवटी माल सर्वांत जास्त असतो, तेव्हाची रक्कम धरायची. नोंद नसेल तर नुकसान किती ते ठरवणं आम्हाला फार जड जातं, डोळ्यांसमोर चिखल दिसत असला तरी.

काठावरचा_इंजिनिअर | ७:१५

मुक्ताताई, विम्याचं छान कळलं. आता जागा कशी तपासायची त्याबद्दल राहिलेलं. समाच्या घरी सकाळी जा आणि वॉचमन, इस्त्रीवाला, दूधवाला यांना वेगवेगळं विचारा. तिघांचं उत्तर जुळलं तर ते खरं. कंपाउंडच्या भिंतीला खालच्या भागात ताजा रंग असेल तर थांबून बघा. विजेचे मीटर डोक्याच्या वर बसवलेत का? शेजारच्या नव्या बंगल्याचं जोतं जुन्यांपेक्षा बरंच उंच आहे का? ज्याने जोतं उंच केलं, त्याने पाणी पाहिलेलं असतं.

गुगल अर्थवर जुनी चित्रं मागे नेत जा. आज सोसायटी आहे तिथे तलाव किंवा कोतर (पाण्याने कोरलेली घळ) दिसलं तर पाणी ती जागा विसरणार नाही. गावाचा जुना महसुली नकाशा काढला तर त्यात कांस आणि तलाव आखलेले असतात. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मोठ्या पुरांचे उपग्रहावरून काढलेले नकाशे आहेत. ते गल्लीपर्यंत अचूक नसतात, पण भाग कळतो.

आणि तळमजला घेतलाच तर सांडपाण्याच्या नळाला उलटं पाणी अडवणारी झडप आधी बसवा. पुष्कळ घरांत पाणी दारातून येण्याच्या आधी संडासातून आलं होतं.

दांडियाबाजारची_मुक्ता | १८ मे, रात्री ८:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मी आणि बाबा समाला जाऊन आलो. वॉचमन म्हणाला गुडघाभर, इस्त्रीवाला म्हणाला छातीएवढं. म्हणून समोरच्या सोसायटीतल्या एका आजींना विचारलं. त्यांनी हात धरून आत नेलं आणि देवघराच्या फळीखालची रेष दाखवली, साधारण साडेचार फूट. म्हणाल्या, "२०१९ ला अडीच होतं." आमच्या पसंतीच्या घराचं जोतं त्यांच्याच पातळीला आहे. मीटर वर सरकवलेले आहेत. बाबांनी तिथेच नाही म्हटलं.

आईला बाग हवी होती, ती नाराज आहे. मांजलपूरच्या इमारतीला गच्ची आहे, कुंड्या ठेवायला सेक्रेटरींची परवानगी घेतली. तिथेही पार्किंगचं विचारलं: २०२४ ला पाणी रस्त्यापर्यंत होतं, आत आलं नव्हतं. लिफ्टचं यंत्र वर आहे, पंपाचं पॅनेल मात्र खाली.

तोटामापक दादा, शेवटचं विचारते. घर ताब्यात यायला जुलै उजाडेल. तेव्हा पावसाळा सुरू झालेला असेल, विमा मिळेल ना? आणि तोवर वाड्यातल्या सामानाचा काढता येईल का?

समाची_स्नेहल | ८:५५

आजींचं देवघर! मुक्ता, आमच्याकडे चहाला ये मात्र. पंपाचं पॅनेल पहिल्या मजल्याच्या जिन्यात हलवायला किती खर्च आला त्याचा हिशोब देते, सेक्रेटरींना दाखव.

तोटामापक | ९:२०

पावसाळ्यातही पॉलिसी मिळते, पण पूर येऊ घातला असताना कंपन्या नवी जोखीम घ्यायला टाळतात. आणि हप्ता पोहोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही, ते विमा कायद्यातच आहे, मागची तारीख कोणी देत नाही. त्यामुळे ताबा मिळायच्या आठवड्यातच इमारत आणि सामान दोन्हींचा प्रस्ताव भरून पैसे भरा. सोसायटीने संपूर्ण इमारतीचा विमा घेतला आहे का ते आधी विचारा, असेल तर तुम्हाला फक्त सामानाचा पुरेल.

वाड्यातल्या सामानाचा आत्ताच काढता येईल. बांधकाम किती जुनं, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं हे विचारतील, खरं तेच लिहा. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, फ्रिज-टीव्हीच्या मागच्या क्रमांकासकट. सामान मांजलपूरला हलवलं की पॉलिसीवरचा पत्ता बदलून घ्यायला विसरू नका, नाहीतर विमा वाड्याचा आणि फ्रिज मांजलपूरला.

रावपुरेकर | ९:३१

मुक्ता, आईंना सांग, मोगऱ्याची दोन रोपं माझ्याकडून. आणि समाच्या त्या आजींचा आकडा स्नेहलच्या सोसायटीच्या खांबाशेजारी लिहून ठेवा. बाकीच्यांनीही आपापल्या गल्लीचे २०१९ आणि २०२४ चे फूट इथे टाका. मी सुरुवात करतो: रावपुरा, आमची गल्ली, दोन्ही वर्षी कोरडी.

मांजलपूरकर_वहिनी | ९:४८

मांजलपूर, आतला रस्ता, २०१९ ला पावसाचंच पाणी, घोट्याएवढं. २०२४ ला नाही. बँकेची पॉलिसी काढून बघितली, सामान खरंच नाही त्यात.

फतेगंजचा_बंड्या | १०:०२

फतेगंज, पुलाच्या बाजूची गल्ली. २०१९: दोन फूट. २०२४: पावणेचार. इंजिनचं कवच आजच घेतलं.